इजाग्रस्त जीवाणू, पाण्यातील (संवर्धनाने शोध)

क्लोरिन, तांबे, ऊन किंवा उपासमार यांचा आघात सोसूनही न मेलेले जीवाणू. साध्या पोषक माध्यमावर ते वाढतात, निवडक (नको असलेले जीवाणू रोखणाऱ्या) माध्यमावर वाढत नाहीत; कारण पेशीपटलाला इजा झाली की एरवी सोसवणारी पित्त लवणे व डिऑक्सिकोलेट त्यांना मारक ठरतात. त्यामुळे १०० मिलि पाण्यात ‘कोलिफॉर्म (विष्ठेच्या दूषणाचे सूचक जीवाणू) शून्य’ हा अहवाल फसवा असू शकतो. हे जीवाणू आतड्यात सावरू शकतात, म्हणून प्रश्न गंभीर आहे.

नमुन्याच्या १२० मिलि बाटलीत निर्जंतुकीकरणापूर्वीच ३% सोडियम थायोसल्फेटचे ०.१ मिलि द्रावण घालतात. ते विसरले, तर उरलेला क्लोरिन वाटेतही इजा करत राहतो. तांब्याच्या नळाचे पाणी असल्यास ईडीटीएही (धातूचे आयन बांधून ठेवणारे द्रव्य) लागते. विरलनासाठी ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा ०.१% पेप्टोन बरे. वितळलेल्या गरम आगरात (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीत) नमुना ओतल्यास दुबळ्या पेशी मरतात. पृष्ठभागावर पसरणे किंवा ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळणे श्रेयस्कर.

ई. कोलायसाठी एम-टेक या निवडक आगरावर गाळणीचे पटल आधी ३५° से.ला २ तास ठेवतात, मग ४४.५° से.ला सुमारे २२ तास. पहिले दोन तास दुरुस्तीचे. ते वगळून थेट वरचे तापमान दिल्यास संख्या घटते. एम-टी७ आगरात (लशेव्हालिए, कॅमेरॉन व मॅकफिटर्स, १९८३) पित्त लवणांऐवजी टर्जिटॉल ७ हे सौम्य निवडक द्रव्य आहे. साल्मोनेलासाठी (विषमज्वर व अन्नविषबाधेचे जीवाणू) आधी बफरयुक्त पेप्टोन पाण्यात ३७° से.ला १८ ते २४ तास, मगच निवडक माध्यम.

वाद आहे तो ‘जिवंत पण संवर्धनास न येणाऱ्या’ पेशींचा. १९८२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने ई. कोलाय व कॉलऱ्याचा व्हिब्रिओ यांत ही अवस्था वर्णिली. काहींच्या मते ही टिकून राहण्याची स्वतंत्र अवस्था आहे. इतरांच्या मते ‘पुनरुज्जीवन’ म्हणजे बहुधा उरलेल्या मोजक्या निरोगी पेशींची वाढ. माध्यमात पायरुव्हेट किंवा कॅटालेज घालून पेरॉक्साइड नष्ट केले, की ‘न वाढणाऱ्या’ काही पेशी वसाहती धरतात. निदान त्या पेशींपुरता तरी दोष माध्यमाचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सर्वच उदाहरणे त्यात बसत नाहीत.

इजेचे प्रमाण काढण्यासाठी एकच नमुना ट्रिप्टिक सॉय–लॅक्टोज–यीस्ट अर्क आगरावर व ०.१% डिऑक्सिकोलेट घातलेल्या त्याच आगरावर लावतात. दोन्ही संख्यांतील फरक भागिले पहिली संख्या, गुणिले १००, ही इजेची टक्केवारी.