एअरबॅग फुगवल्याने मोटरहोमची क्षमता वाढत नाही
युरोपात फियाट डुकाटो या व्हॅनच्या चासीवर (सांगाड्यावर) बांधलेल्या अनेक मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांमध्ये, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला हवा भरायच्या रबरी एअरबॅग बसवतात (अपघातात उघडणाऱ्या त्या नव्हेत). त्यांच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: हवा जास्त भरा, गाडी जास्त वजन पेलेल. हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

एअरबॅग फक्त खाली बसलेला मागचा भाग उचलते. अॅक्सल (चाकांना जोडणारा दांडा), टायर, ब्रेक तेच राहतात आणि चाकांवरचं वजनही जवळपास तेवढंच. गाडी समतल दिसली म्हणजे भार मर्यादेत आहे असं नाही. ते वजनकाट्यावर प्रत्येक अॅक्सल वेगळा तोलूनच कळतं.

मग हवा किती? सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाहीच. नेहमीचं सामान, पाणी भरा, सपाट जागी चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा आणि मूळ उंची येईपर्यंतच हवा भरा. त्याहून जास्त भरली तर मागचा भाग ताठरतो, खड्ड्यात आपटतो. पूर्ण रिकामी बॅगही नको, ती चिमटून फाटू शकते. उत्पादकाने सांगितलेला किमान दाब कायम ठेवा.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो ब्रेक. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह चासी आणि अॅक्सलमधल्या अंतरावर चालतो. हवेने मागचा भाग उचलला, की भरलेली गाडीही त्याच्या लेखी रिकामी ठरते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. अशा गाडीत एअरबॅग बसवल्यावर तो व्हॉल्व्ह जाणकार मेकॅनिककडून पुन्हा जुळवून घ्यायलाच हवा.