चित्रातील भाववाचन

मानवाकृतिप्रधान चित्र पाहताना मनात जो भाव जागा होतो, तो चित्रातल्या नेमक्या कशामुळे जागा झाला याचा शोध म्हणजे भाववाचन. कलाशिक्षणात यासाठी ‘रसग्रहण’ हा शब्द रूढ आहे. पण रसग्रहणात चित्रकाराचे चरित्र, त्याची शैली, त्याचा काळ असे बरेच काही येते. भाववाचनाचा प्रश्न त्याहून लहान आणि अवघड आहे. चित्रातली बाई दुःखी आहे असे आपल्याला वाटले, ते कशावरून? डोळ्यांवरून, मानेच्या कलावरून, की तिच्यामागच्या भिंतीच्या रंगावरून? नाशिकमध्ये ‘फिगर’ म्हणजे मानवाकृतिचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न वर्गाच्या आधी गोदाघाटावर भेटतो. त्यामुळे या नोंदीतील काही उदाहरणे त्या परिसरातली आहेत.

भाव आधी चेहऱ्यावर शोधायची सवय सर्वांनाच असते. ती पुरेशी पडत नाही, हे चित्रकाराला हात चालवताना कळते; प्रेक्षकाला मात्र मुद्दाम थांबून पाहावे लागते.

अजिंठ्याची राजकन्या

अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात, पाचव्या शतकात वाकाटकांच्या काळी रंगवलेले एक चित्र ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध आहे. आसनावर रेललेली तरुणी, पुढे झुकलेले डोके, अर्धवट मिटलेले डोळे, गळून गेलेले अंग. एक दासी तिला सावरते आहे आणि भोवतीच्या स्त्रिया काळजीत आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. या चित्राबद्दल त्यांचे मत असे होते, की कारुण्य आणि कथा सांगण्याची हातोटी यांत कलेच्या इतिहासात त्याला तोड नाही. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी रेखन अधिक चांगले केले असते, व्हेनिसच्या चित्रकारांनी रंग अधिक चांगले भरले असते, पण यापेक्षा जास्त भाव त्यांपैकी कुणालाच आणता आला नसता.

एवढी मोठी दाद आणि तरी तिच्यात एक घोटाळा आहे. रेखन एकीकडे, रंग दुसरीकडे आणि भाव तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही वाटणी झाली. वास्तविक त्या तरुणीची व्याकुळता रेषेतच आहे. मान, खांदा आणि दंड यांची कडा एका उतारावरून खाली येते. शरीराला आतून आधार उरलेला नाही हे त्या उतारावरून समजते. तीच मान सरळ काढून डोळे तसेच अर्धवट मिटलेले ठेवले, तर मुलगी पेंगलेली वाटेल. रेखन ‘अधिक चांगले’, म्हणजे शरीरशास्त्राच्या दृष्टीने अधिक काटेकोर केले असते, तर भाव तेवढाच राहिला असता असे धरून चालता येत नाही.

या चित्राची दुसरी गंमत त्याच्या नावात आहे. पुढील अभ्यासकांनी हा प्रसंग नंदाच्या प्रव्रज्येचा असल्याचे ओळखले. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद भिक्षू होतो, त्याचा मुकुट घेऊन सेवक परत येतो आणि तो मुकुट पाहून पत्नी सुंदरी कोसळते. म्हणजे राजकन्या मरत नाही. नवरा गमावल्याची बातमी तिला मिळाली आहे. जुन्या प्रेक्षकांनी मग काय चुकीचे वाचले? शरीर खचले आहे हे त्यांनी अचूक वाचले होते, खचण्याचे कारण तेवढे चुकले. भाववाचनातला बहुतेक गोंधळ इथेच होतो. आकृती अवस्था सांगते, कारण कथेतून यावे लागते. आणि कथा ठाऊक नसली की प्रेक्षक पदरचे कारण घालून मोकळा होतो.

जुनी परिभाषा

भाव आणि तंत्र वेगळे न काढणारी परिभाषा आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ या टीकेत यशोधराने चित्राची सहा अंगे दिली आहेत: रूपभेद (आकारांतले फरक), प्रमाण, भाव, लावण्ययोजन (सौंदर्याची मांडणी), सादृश्य (साम्य) आणि वर्णिकाभंग (रंगयोजना). यात भाव हा प्रमाण आणि सादृश्य यांच्याच पंक्तीला बसवला आहे. तो वरून शिंपडायचा अलंकार नव्हे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र तर नृत्यशास्त्र जाणल्याखेरीज चित्र समजणार नाही असे बजावते. त्यातच एक मिश्किल श्लोक आहे: आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार ‘वर्तना’ म्हणजे छायाप्रकाशाची, स्त्रियांना दागिने आवडतात आणि इतर लोकांना भरपूर रंग. स्त्रियांबद्दलचा शेरा त्या काळाचा म्हणून सोडून द्यावा. पण एकाच चित्रापुढे उभे असलेले चौघे चार चित्रे पाहून जातात हे निरीक्षण आजच्या कोणत्याही प्रदर्शनात पडताळून पाहता येते.

नाट्यशास्त्राने रसांना रंगही नेमून दिले आहेत. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा. करुणाचा रंग ‘कपोत’, म्हणजे पारव्याचा करडा. पावसाळी सकाळी रामकुंडावर उभे राहिलेल्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागत नाही: दगडी पायऱ्या, ढगाळ आकाश, पारव्यांचे थवे, आणि त्याच करड्यात दशक्रियेला बसलेली माणसे. निळा रंग नाट्यशास्त्रात बीभत्साचा आहे. निळा म्हणजे उदास हे समीकरण पाश्चात्त्य वळणाचे आहे. रंगाला असा कायमचा अर्थ चिकटवून चित्र वाचणे धोक्याचेच. हिरवा चुडा, पांढरे लुगडे, भंडाऱ्याचा पिवळा हे रंग मराठी प्रेक्षकाच्या मनात आधीच काही बोलत असतात. ते बोलणे चित्रकाराने वापरले आहे की मोडले आहे, हे प्रत्येक चित्रात नव्याने पाहावे लागते.

झाकलेला चेहरा

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या जटायुवधाच्या चित्रातला प्रसंग नाशिककरांना घरचा आहे. सीताहरण पंचवटीतले, आणि जटायू पडला ते ठिकाण म्हणून इगतपुरी तालुक्यातले सर्वतीर्थ टाकेद दाखवले जाते. चित्रात रावणाने तलवार उगारली आहे, जटायूचा पंख छाटला गेला आहे आणि सीतेने हाताने तोंड झाकून घेतले आहे. रविवर्म्यांना चेहरा रंगवता येत नव्हता असे कुणी म्हणणार नाही. तरीही सर्वाधिक वेदनेच्या जागी त्यांनी चेहरा लपवला. क्रौर्य रावणाच्या उगारलेल्या दंडात आहे आणि असहायता सीतेच्या मागे कललेल्या अंगात. झाकलेल्या चेहऱ्यामागे काय असेल ते प्रेक्षक स्वतःच्या मनाने भरतो, आणि ते रंगवलेल्या कोणत्याही चेहऱ्यापेक्षा गडद असते. रविवर्म्यांच्या आकृतींची ही ठेवण रंगभूमीच्या जवळची आहे. ती आज काहींना भडक वाटते. पण शिळाछापाच्या चित्रांतून ती घराघरांत गेली आणि देवादिकांचे हावभाव कसे असावेत याचे मराठी मनावरचे वळण तिनेच बसवले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, जे. जे.त शिकलेले दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचाही चित्रपटापूर्वी रविवर्मा छापखान्याच्या कामाशी संबंध आला होता.

रेम्ब्रांटचे ‘उधळ्या पुत्राचे परत येणे’ (सुमारे १६६८, हर्मिटेज संग्रहालय) हेही याच जातीचे चित्र. बायबलमधल्या कथेतला, संपत्ती उधळून घरी परतलेला मुलगा बापापुढे गुडघे टेकून बसला आहे. आपल्याला त्याची पाठ आणि झिजलेल्या पादत्राणातून निघालेला तळवा दिसतो. सगळी क्षमा बापाच्या दोन हातांत आहे, आणि ते दोन हात एकसारखे नाहीत. एक रुंद आणि भक्कम, दुसरा नाजूक. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. एक हात बापाचा, दुसरा आईचा असेही म्हटले जाते. तो अर्थ मोहक आहे, पण तो चित्रावर लादण्याआधी रंगाचा थर पाहावा. अंधाऱ्या पार्श्वभूमीतून प्रकाश नेमका त्या हातांवर आणि मुलाच्या पाठीवर पडतो. बाजूला उभी असलेली माणसे जवळजवळ विझवून टाकली आहेत. नजर कुठे न्यायची ते प्रकाशाने आधीच ठरवले आहे.

वारली चित्रात तर चेहऱ्याचा प्रश्नच निकालात निघतो. ठाणे-पालघरच्या बाजूला फुललेल्या या कलेतील माणूस म्हणजे टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण आणि वर एक ठिपका. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या या आकृतींना डोळे-नाक नसते. तरी तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर आनंदाचा आहे हे लहान मूलही सांगते, कारण वरचा त्रिकोण खालच्यावर किती कलला आहे त्यावर चाल, थकवा, लगबग सारे ठरते. जिव्या सोमा मशे यांनी (१९३४–२०१८) लग्नचौकापुरती, म्हणजे लग्नप्रसंगी भिंतीवर काढायच्या चौकापुरती असलेली ही रेषा कागदावर आणि कापडावर आणली, तेव्हाही त्यांनी तिला चेहरा दिला नाही.

उजेड आणि माध्यम

सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. ते तैलरंगातले आणि रविवर्म्यांचे आहे, असा समज सर्रास आढळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. ते जलरंगात आहे आणि त्यासाठी चित्रकाराची मुलगीच समोर उभी राहिली होती. दिव्याचा उजेड आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांतून आरपार येतो आणि बोटांच्या कडा लालसर होतात. या चित्राला शांत, मंगल, आशादायी अशी विशेषणे लावली जातात, आणि ती सगळी त्या लालसर कडांवर उभी आहेत. पारदर्शक जलरंगात उजेड वरून ठेवता येत नाही. तो खालच्या कागदाचा राखावा लागतो आणि भोवतीचा अंधार वॉशवर वॉश, म्हणजे पातळ रंगाचे थर देत वाढवावा लागतो. चुकलेला वॉश धुऊन काढला तर कागद मळतो. म्हणजे ज्योत विझू नये म्हणून मुलगी हात आडवा धरते आणि उजेड मळू नये म्हणून चित्रकार हात आवरतो. भाव आणि तंत्र एकाच ठिकाणी सापडतात ते असे.

तैलरंगाची गोष्ट वेगळी. तिथे गडदावर उजळ ठेवता येते, खरवडता येते, महिनाभराने पुन्हा हात फिरवता येतो. म्हणून तैलचित्रात जाड थर दिसला की ‘आवेग’ आणि गुळगुळीत पोत दिसला की ‘शांतता’ असे वाचायचा मोह होतो. जाड थर अनेकदा आवेगातून येत नाही, तीनदा दुरुस्त केल्यामुळे येतो.

नाशिकमधील रीत

नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात आणि स्केचिंगला जाणे म्हणजे ‘गंगेवर जाणे’. शिवाजी तुपे यांच्यासारख्या जलरंगकारांमुळे शहराची ओळख निसर्गचित्रांसाठी अधिक. घाट, वाडे, देवळांची शिखरे हे विषय इथे पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेले. पण घाट माणसांनी भरलेला असतो, आणि निसर्गचित्रातल्या दोन-तीन फटकाऱ्यांच्या माणसाला उभे करणे ही इथली भाववाचनाची पहिली इयत्ता ठरते. मुंडन करून बसलेला मुलगा पाठीवरून ओळखता आला पाहिजे. बुधवारच्या बाजारात पालेभाजीच्या ढिगामागे उकिडवी बसलेली बाई दिवसाच्या सुरुवातीची आहे की शेवटची, हे खांद्यावरून कळले पाहिजे. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी पुराचे पाणी पाहायला जमलेल्या गर्दीत भीती किती आणि मौज किती, हे माना कुठे वळल्या आहेत त्यावरून ठरते.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतील स्मरणचित्र हा महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचा मानवाकृतिचित्रणाशी पहिला संबंध. तयारी करून घेताना अनेक ठिकाणी ठरावीक आकृत्या पाठ करवल्या जातात: डोक्यावर टोपली घेतलेली बाई, सायकलवाला, पाठमोरा हमाल. विषय बाजार असो की जत्रा, तीच बाई तीच टोपली घेऊन येते. गुण मिळतात, मात्र टोपली रिकामी आहे की भरलेली, हे त्या बाईच्या मानेला कधी कळत नाही.

याच्या उलट अनुभव व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकात येतो. शहरातल्या कलावर्तुळात त्याला सरळ ‘डेमो’ म्हणतात. दीड-दोन तासांत चित्रकार समोर बसलेल्या व्यक्तीचे चित्र पूर्ण करतो आणि ‘अगदी हुबेहूब’ म्हणून टाळ्या पडतात. खरी शिकण्याची वेळ टाळ्यांच्या बरीच आधीची असते. पहिल्या वीस मिनिटांत कागदावर फक्त रंगाचे मोठे पॅच असतात. डोळे नसतात, ओठ नसतात. तरी बसलेला म्हातारा थकलेला आहे हे दिसू लागलेले असते, कारण डोके आणि खांदे यांच्यातले अंतर चित्रकाराने आधीच कमी करून ठेवले आहे. पुढे डोळे येतात, हायलाइट पडतो, साम्य वाढते. कधी कधी त्या वाढत्या साम्यात सुरुवातीचा थकवा बुजतो आणि कागदावर एक प्रसन्न, हुबेहूब, दुसराच म्हातारा उरतो. प्रदर्शनात लावलेल्या चित्रात हा क्रम दिसत नाही, म्हणून भाववाचन शिकायला डेमो अधिक उपयोगी पडतो.

छापील प्रत आणि मूळ चित्र

नाशिकच्या प्रेक्षकाने यांतली बहुतेक चित्रे पुस्तकात किंवा मोबाइलच्या पडद्यावरच पाहिलेली असतात. प्रतीत रचना, हावभाव आणि प्रकाशाची दिशा बऱ्यापैकी टिकते. आकार, पोत आणि करड्या छटांमधले फरक हरवतात. अजिंठ्याच्या बाबतीत तर प्रतच अनेकदा मूळ चित्रापेक्षा स्पष्ट असते. लेण्यातला उजेड मंद, गिलावा जागोजागी निसटलेला. सोळाव्या लेण्यात गेल्यावर राजकन्या सापडायलाच थोडा वेळ लागतो. डोळे अंधाराला सरावले की आधी तिची कललेली मान दिसते, चेहरा नंतर.