शेवटची पाकळी बसत का नाही?

चार-पाच वर्षांच्या मुलांनी काढलेली फुलं एकत्र मांडली की बहुतेक कागदांवर एकच घोटाळा दिसतो. मधला गोल टिकलीएवढा, पहिल्या दोन-तीन पाकळ्या ऐसपैस, चौथी आखडलेली आणि पाचवी दोघींच्या मध्ये कशीबशी चेपून बसवलेली. मोठी माणसं म्हणतात, हात अजून वळला नाही. हात वळायचा असतो हे खरं, पण इथे मुख्य अडचण भूमितीची आहे.

एक रुपयाची सारख्या आकाराची सात नाणी घ्या. एक मध्ये ठेवा आणि बाकीची त्याला चिकटून गोलाकार लावा. भोवती बरोबर सहा बसतात. फट राहत नाही आणि आणखी एकाला जागाही उरत नाही. मधला गोल आणि पाकळी सारख्या मापाची असली की सहा, हा हिशेब ठरलेला आहे. पाकळी २ सेंमी रुंद आणि गोल असेल, तर पाच पाकळ्यांसाठी मधला गोल साधारण १.४ सेंमीचा लागतो, चारांसाठी ०.८ सेंमीचा आणि आठांसाठी जवळजवळ ३.२ सेंमीचा. मूल मात्र मध्ये अर्ध्या सेंमीचा ठिपका देतं आणि त्याभोवती २ सेंमीच्या पाकळ्या काढू लागतं. तिथे जेमतेम तीन मावतात. चौथी दाटीवाटीने बसते आणि पाचवीला जागाच उरत नाही.

मोठ्यांच्या हातूनही माप चुकतंच, पण दुसऱ्या पाकळीपाशीच डोळा पुढची जागा मोजतो आणि हात आपोआप आवरतं घेतो. लहान मुलाची नजर नुकत्याच काढलेल्या पाकळीवर असते, पुऱ्या वर्तुळावर नसते. त्यामुळे ‘नीट काढ’ म्हणून काही साधत नाही. मधला गोल मोठा करून द्यावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंमीचं असतं. ते ए-फोर कागदावर ठेवून गिरवलं आणि तेवढ्याच रुंद सहा पाकळ्या लावल्या, तर ९ सेंमीचं फूल होतं आणि देठाला खाली भरपूर जागा राहते.

त्यानंतर ठिपके. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरात हे वेगळं शिकवावं लागत नाही: आधी जागा ठरवायच्या, मग रेषा. गोलाच्या बाहेर प्रत्येक पाकळीच्या टोकाशी एकेक ठिपका द्यायचा आणि गोलावरून निघून ठिपक्याला वळसा घालून परत गोलावर यायचं. सुरुवात चार पाकळ्यांनी करावी: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. पुढे सहा: वर, खाली आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन. पाच पाकळ्या सगळ्यांत शेवटी, कारण पाचांत कुठलीच पाकळी दुसरीच्या बरोबर समोर येत नाही आणि ७२ अंशांचा कोन नजरेने मापणं मोठ्यांनाही जड जातं. त्यावर तोडगा म्हणजे हातपाय पसरून उभा असलेला माणूस. एक ठिपका डोक्याचा, दोन किंचित वर उचललेल्या हातांचे, दोन फाकलेल्या पायांचे. पाचही जागा जवळजवळ अचूक पडतात.

कुठल्या वयात काय जमतं याचा अंदाज साध्या आकारांवरून येतो. समोरचा नमुना बघून मूल साधारण तिसऱ्या वर्षी बंद गोल काढतं, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचारला चौकोन, पाचव्या वर्षी त्रिकोण आणि पतंगाचा आकार सहा-सात वर्षांशिवाय नाही. मुलागणिक पाच-सहा महिने इकडेतिकडे होतात. आडव्या-उभ्या रेषा आधी आणि तिरप्या नंतर, हा क्रम मात्र सहसा टिकतो. म्हणून टोकदार पाकळ्यांचं सूर्यफूल बालवाडीत मुलांना रडवतं, तर गोलसर पाकळ्यांची सदाफुली पटकन जमते. तीन वर्षांच्या मुलाला पाकळ्यांच्या वाटेला न नेता सरळ गुलाब द्यावा: आतून बाहेर फिरत जाणारी गोल-गोल रेष आणि खाली एक दांडी. गिरगोट्याचंच फूल झालं, म्हणून ते खूशही होतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग यांनी लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि १९६९ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. गोल आणि त्यातून बाहेर निघणाऱ्या रेषा, म्हणजे सूर्यासारखी आकृती, मुलं माणूस काढण्याच्या आधीपासून काढतात, असं त्यांना दिसलं. फूल मुलाच्या हातात अर्धंअधिक आधीच तयार असतं, ते असं.

देठ आणि पानांपाशी दुसरी गंमत होते. पानं देठाला काटकोनात, रस्त्यावरच्या पाट्यांसारखी आडवी चिकटतात. उतरत्या छपरावर तिरकं धुरांडं काढणं किंवा डोंगरावर आडवी झाडं काढणं हेही त्यातलंच. रेष ज्या रेषेवर टेकते तिच्याशी काटकोन करण्याकडे मुलांचा ओढा असतो. इथेही ठिपकाच कामाला येतो: पान देठावर जिथून निघतं तिथे एक आणि वर, बाहेरच्या बाजूला दुसरा. दोन्ही ठिपके दोन वाकड्या रेषांनी जोडले की पान झालं.

एक गोष्ट मात्र सुधारायला जाऊ नये. कार्टून फुलात पाकळ्या वरून पाहिल्यासारख्या असतात आणि देठ बाजूने पाहिल्यासारखा. एकाच जागेवरून दोन्ही असे दिसत नाहीत. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं की मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक आहे ते काढतं. फुलाला पाकळ्या आहेत आणि देठही आहे, मग दोन्ही दिसलेच पाहिजेत. या हिशेबात चूक काय आहे?

नमुन्याला खरं फूल आणावं. ठाणे-नवी मुंबईत सोसायटीच्या कुंपणाशी चार पाकळ्यांचा एक्झोरा, पाचांची सदाफुली आणि तगर सहज मिळतात. उन्हाळ्यात ताम्हण फुलला की सहा पाकळ्यांचा नमुनाही हाताशी येतो; राज्याचं फूल ते हेच. तगरीच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला वळलेल्या असतात, तेवढ्या पाच वर्षांच्या मुलालाही लक्षात येतात. गुलमोहोराच्या पाचांपैकी एक पाकळी वेगळी, पांढरट ठिपक्यांची. मुलांना ती शोधायला लावावी. जास्वंद मात्र टाळलेली बरी. तिच्या पाकळ्या एकमेकींवर चढतात, आणि मागचं झाकलं गेलं म्हणून न काढणं सात-आठ वर्षांच्या आधी क्वचितच जमतं. मुलं दोन्ही पाकळ्या पूर्ण काढतात आणि आरपार रेषांचं जाळं होतं.

साहित्याचं थोडक्यात. मेणाचे खडू तोडून ३ सेंमीचे तुकडे द्यावेत. आख्खा खडू मुठीत धरता येतो. तुकडा तसा धरता येत नाही, म्हणून बोटं आपोआप चिमटीत येतात. टेबलाऐवजी कागद कपाटाच्या दारावर चिकटवला तर मनगट मागे झुकतं आणि पकड सुधारते. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने कागद ओलसर होतो, पातळ कागदावर स्केचपेनची शाई पसरते आणि पाकळ्यांच्या कडा फुटतात. जून ते सप्टेंबर खडूच बरे.

फुलाला चेहरा द्यायचा तर डोळे मधल्या रेषेच्या जरा खाली आणि एकमेकांपासून लांब काढावेत. मोठं कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे ही बाळाच्या चेहऱ्याची खूण आहे. ती पाहून आपण विरघळतो, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं. मुलं डोळे नेमके कपाळात काढतात आणि फूल वयस्कर दिसू लागतं.

पायरीपायरीने शिकवण्याचा एक तोटा आहेच: महिनाभराने वर्गातली सगळी फुलं जुळी दिसतात. मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ यांनी १९९० मध्ये ४ ते ११ वर्षांच्या मुलांना ‘जगात नसलेला’ माणूस, घर आणि प्राणी काढायला सांगितले होते. लहान मुलांनी बहुधा एखाद्या भागाचं माप किंवा आकार बदलला, नाहीतर तो गाळून टाकला. मोठ्या मुलांनी दुसऱ्याच वस्तूचे भाग आणून जोडले. फुलाचंही तसंच करून पाहावं. पाच वर्षांच्या मुलाला ‘जगात नसलेलं फूल काढ’ एवढं पुरत नाही, ‘याच्या पाकळ्या कशाच्या असतील?’ असा धागा द्यावा लागतो. आणि पाठ झालेला क्रम मोडायचा असेल तर त्या दिवशी बाटलीचं झाकण बाजूला ठेवावं आणि सुरुवात कागदाच्या तळापासून, देठाने करायला सांगावी.