स्कूबाला येताय? होडीत बसण्याआधी एवढं वाचा

मालवणच्या आमच्या छोट्या डायव्हिंग सेंटरवर दोन प्रकारचे पाहुणे येतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्यांचा हात आमचा इन्स्ट्रक्टर पाण्यात सोडत नाही. त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी पुरे. बाकी सगळं कोर्स केलेल्या, जोडीनं उतरणाऱ्या डायव्हरसाठी आहे.

तारीख ठरवताना मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवार बघतात, आम्ही तिथी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त असते आणि पाणी गढूळ होतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ते त्या मानानं शांत. त्या सकाळी तांडेल (होडीचा प्रमुख) ‘आज नको’ म्हणाला, तर होडी निघत नाही. पैसे परत मिळतात, वाद घालू नका.

आता हवेचा हिशोब. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) दाबानं साधारण २४०० लिटर हवा मावते. शांतपणे पोहणारा माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. २० मीटरवर ६०. म्हणजे तेच सिलिंडर १० मीटरवर तासभर, तर २० मीटरवर ४० मिनिटांतच रिकामं. शिवाय ते रिकामं करायचंच नसतं. ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखून ठेवायची. ती तुमच्यासाठी नव्हे, जोडीदारासाठी. त्याची हवा संपली तर एका सिलिंडरवर दोघं वर येणार, आणि घाबरलेला माणूस दुप्पट हवा ओढतो. २० मीटरवरून मिनिटाला ९ मीटरच्या वेगानं वर येऊन ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं म्हटलं, तर अशा वेळी ६०० लिटरसुद्धा अपुरी पडते. म्हणून खोल डाईव्हला आमच्याकडे ७० बारला परतायचं आणि ५० बार घेऊन होडीवर यायचं. दोघांपैकी ज्याची हवा आधी त्या आकड्यावर येईल, त्याच्या गेजवर (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मीटरवर) डाईव्ह संपते.

उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासा, स्वतःचं नव्हे. हवा भरून तरंगायचं जॅकेट फुगतंय का, वजनाच्या पट्ट्याचं बक्कल एका हातानं सुटतंय का, जोडीदाराचा जादा रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) कुठे अडकवलाय. मग रेग्युलेटरमधून तीन-चार मोठे श्वास घ्या आणि नजर गेजच्या काट्यावर ठेवा. काटा श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल, तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. होडीवर हवा व्यवस्थित येते, खाली गेल्यावर अपुरी पडते. हे सगळं दोन मिनिटांत उरकतं. तेवढ्यासाठी कोणी ‘अहो, मला माहितीये’ म्हणालं, तर आमची मुलं ऐकत नाहीत.

खाली एकमेकांपासून दोन हातांपेक्षा लांब जाऊ नका. सगळ्यात वाईट जोडीदार कॅमेरावाला: तो मासा बघतो, तुम्हाला नाही. कॅमेरा आणायचा असेल तर तसं आधीच सांगा, सोबत आमचा माणूस देऊ. चुकामूक झाली तर जागीच गोल फिरून एक मिनिट शोधा, वर बुडबुडे दिसतात का तेही बघा, आणि मग सावकाश वर या. हे दोघांनी आधी ठरवलेलं असावं. नाहीतर एक वर वाट बघत राहतो आणि दुसरा खाली शोधत हवा संपवतो. नवरा-बायको, मित्र, कोणीही असा: एकानं वर चला म्हटलं की दोघांनी निघायचं. कारण होडीवर विचारा, तेही जमलं तर.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी एवढंच: श्वास कधीच रोखायचा नाही, विशेषतः वर येताना, कारण कोंडलेली हवा फुगून फुफ्फुसाला इजा करते. कान दुखायला लागले की लगेच खूण करा. अंगठा वर केला तर ‘मस्त’ असं होत नाही, ‘वर चला’ असं होतं. ठीक असल्यास अंगठा आणि तर्जनीचं गोल दाखवा. सर्दी, दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर बुकिंग करतानाच सांगा. आदल्या रात्री जागरण आणि दारू नको.

परतीचं विमान असेल, तर एका डाईव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त केल्या असतील तर १८ तास जाऊ द्या. गाडीनं जाणाऱ्यांनाही एक विनंती: विमानासारखाच घाटमाथ्यावरही हवेचा दाब कमी असतो, तेव्हा खोल डाईव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोली चढू नका. रात्री इथेच मुक्काम करा.