शब्दप्रतिरूपण (भाषानिर्मिती)

माहितीवरून आपोआप वाक्ये रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शब्द आणि त्याची व्याकरणिक लक्षणे मांडण्याची पद्धत. ठरलेल्या साच्यात नुसती अक्षरे भरली तर ‘घोडाला’ असे रूप तयार होते. म्हणून प्रणाली शब्दाला अक्षरांची ओळ न मानता एक नोंद मानते. तिच्यात मूळ रूप, शब्दजात आणि लक्षणे असतात.

या लक्षणांचे दोन प्रकार वेगळे ठेवणे महत्त्वाचे ठरते. नामाचे लिंग शब्दाचे स्वतःचे असते, पण वचन आणि विभक्ती त्याला वाक्यात मिळतात. विशेषणाचे तर लिंगही उसने असते. इंग्रजीसाठी जावा या संगणकभाषेत लिहिलेल्या सिंपलएनएलजी या वाक्यरचनेच्या मुक्त सॉफ्टवेअर-संचात (लायब्ररीत) कोशातला शब्द आणि वाक्यात वापरलेला शब्द यांसाठी दोन स्वतंत्र वस्तुप्रकार (क्लास) आहेत, ते याचसाठी. विकिडेटा या मुक्त माहितीसंग्रहात 2018 पासून शब्दनोंदी ठेवल्या जातात. तिथे प्रत्येक रूपाला त्याची लक्षणे जोडलेली असतात.

सगळी रूपे साठवायची की नियमाने घडवायची, हा जुना पेच आहे. नियमित रूपे नियमाने आणि अपवाद नोंदीत, अशी तडजोड बहुधा केली जाते. मराठीत ती सहज जमत नाही. घोडा, मुलगा, राजा हे तिन्ही आकारान्त पुल्लिंगी शब्द आहेत, पण रूपे होतात घोड्याला, मुलाला, राजाला. भिंत आणि वाट दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी, तरी भिंतीला आणि वाटेला. म्हणजे शेवटचे अक्षर आणि लिंग एवढ्यावर भागत नाही. रूपावलीचा वर्गही नोंदवावा लागतो. ‘माळ’ला (रान आणि हार) तर दोन नोंदी हव्यात, कारण लिंगही वेगळे आणि अनेकवचनही.

क्रियापदाची लक्षणे कुठून घ्यायची, हे प्रयोगावर ठरते. ‘मुलीने पुस्तक वाचले’, ‘मुलीने गोष्ट वाचली’ यांत क्रियापद कर्मामागे जाते. ‘मुलीने भावाला पाहिले’ यात ते कर्त्यामागेही जात नाही आणि कर्मामागेही नाही. त्याला नपुंसकलिंगी एकवचन ठरवून द्यावे लागते. कर्त्याकडूनच लक्षणे घेणारी साधने मराठीत तोकडी पडतात ती इथे.

कोशात नसलेला शब्द आला की प्रणाली नियमाने अंदाज बांधते. इंग्रजी अनेकवचनापुरते हे बरेचसे निभावते. मराठीत नव्या उसन्या शब्दाचे लिंग अक्षरांवरून कळत नाही. ‘ईमेल’ कोणी पुल्लिंगी वापरतो, कोणी स्त्रीलिंगी. अशा नोंदीत दोन्ही लिंगे ठेवून, एका मजकुरात एकच पाळण्याची सोय करावी लागते.