तुटलेला धागा आणि नोराड

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर चादर विणताना ताण्याचा धागा तुटला, तर विणकर आधी माग थांबवतो, दोन्ही टोके शोधून गाठ मारतो आणि मगच माग पुन्हा चालू करतो. आपल्या पेशीही जवळपास हाच क्रम पाळतात. डीएनएला इजा झाली की पी-५३ हे प्रथिन पेशीचे विभाजन रोखते, दुरुस्तीची प्रथिने कामाला लागतात, आणि इजा आवाक्याबाहेरची असेल तर पेशी स्वतःला संपवते. हा क्रम बिघडला की कर्करोगाला वाट मिळते.

या दुरुस्तीत आरएनएचाही, म्हणजे डीएनएवरून उतरवल्या जाणाऱ्या प्रतींचाही, हात असतो, हे उशिरा लक्षात आले. मानवी जनुकसंचातील, म्हणजे पेशीतल्या एकूण डीएनएतील, सुमारे ३०० कोटी अक्षर-जोड्यांपैकी जेमतेम २ टक्के भागात प्रथिनांची कृती लिहिलेली आहे. उरलेल्यातील बराचसा भाग एके काळी अडगळ समजला जाई. मात्र त्यातूनही हजारो आरएनए तयार होतात. त्यांपासून प्रथिन बनत नाही, म्हणून त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात.

त्यांपैकी ‘नोराड’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. केमोथेरपीच्या वॉर्डात सलाईनमधून जाणारे लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, डीएनए तोडते, आणि अशी मोडतोड झाली की नोराडचे प्रमाण वाढते. पुमिलिओ नावाची प्रथिने दुरुस्तीसाठी आणि विभाजनासाठी लागणारी प्रथिने बनवायला सांगणारे आरएनए-संदेश दाबून टाकतात. नोराड या प्रथिनांना स्वतःला चिकटवून घेऊन अडकवून ठेवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नोराड काढून टाकलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रांची संख्याच बिघडू लागल्याचे दिसले.

पीएचडीनंतर या विषयावर काम करणाऱ्या संशोधकाचे कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढे ठिपके मोजण्यात जातात. निळ्या केंद्रकातील प्रत्येक चमकता ठिपका म्हणजे डीएनएचे दोन्ही पदर तुटल्याची खूण. प्रारणे दिल्यावर अर्ध्या तासाने ठिपके भरपूर असतात, दुसऱ्या दिवशी बरेचसे विझतात. एखादा आरएनए बंद केल्यावर ते तसेच राहिले, तर त्या आरएनएचा दुरुस्तीशी संबंध असावा, असा अंदाज बांधता येतो.

आपल्या जिल्ह्यात याचे मोल थेट आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण रुग्णांची कर्करोग नोंदणी चालते आणि तिथल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ठळकपणे आढळला आहे. त्यावर दिले जाणारे किरणोपचार गाठीतील डीएनए मुद्दाम तोडतात, तर गाठीच्या पेशी तो सांधू पाहतात. ही सांधणी आरएनएमार्फत गाठीपुरतीच रोखायची, हे खरे अवघड काम आहे, कारण शेजारच्या निरोगी पेशींनाही तीच सांधणी हवी असते.