लाटा खडक कसा फोडतात

ओहोटीच्या वेळी वांद्र्याच्या बँडस्टँडवर खाली उतरले की पायाखाली काळ्या, खडबडीत खडकाची फरशी लागते. 6 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींतून तयार झालेला हा खडक एके काळी आजच्यापेक्षा पुढे, समुद्रात घुसलेला होता. लाटांनी तो इंचाइंचाने मागे कापत नेला आणि मागे उरले ते हे सपाट खडप.

पाण्यासारखी मऊ वस्तू एवढा कठीण खडक फोडते, यामागे पाण्याइतकाच हवेचा हात असतो. लाट खडकाच्या भेगेवर आदळते तेव्हा आतली हवा कोंडली जाऊन क्षणभर प्रचंड दाबाखाली येते, आणि पाणी मागे सरताच तीच हवा झटक्यात मोकळी होते. असा आवळण्या-सुटण्याचा मारा दिवसाला हजारो वेळा सोसून भेग रुंदावते आणि अखेरीस एखादा ढलपा सुटतो. मग तोच ढलपा लाटेच्या हातातले हत्यार होतो. खडपावरचे वाटीसारखे गोल खळगे वाकून पाहावेत. काहींच्या तळाशी गुळगुळीत गोटे सापडतात. भरतीच्या पाण्याबरोबर गरगर फिरत त्यांनी खळगा खोल केलेला असतो आणि स्वतःही झिजत आलेले असतात.

पण समुद्राचा मार सगळीकडे सारखा नसतो, आणि मुंबईचा किनारा समजून घेण्याची किल्ली मला इथेच दिसते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतच्या अंतराच्या, निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो आणि तिचा वेग मंदावतो. भूशिरासमोर पाणी आधी उथळ होत असल्याने लाटेचा तेवढा भाग मागे रेंगाळतो, दोन्ही बाजूंचे भाग पुढे जाऊन आत वळतात, आणि सगळी ऊर्जा जणू त्या टोकावरच एकवटते. म्हणून मलबार हिल, वरळी आणि वांद्र्याची टोके मार खातात, तर त्यांच्या कुशीतल्या गिरगाव-दादरच्या वळणांत ऊर्जा पसरून विरळ होते आणि तिथे वाळूची पुळण साचते.

लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे झिजेचे बरेचसे काम पावसाळ्यातच उरकते. त्यात साडेचार मीटरच्या वरचे उधाण आले तर किनाऱ्यालगत पाणी इतके खोल होते की मोठी लाट वाटेत न फुटता थेट कठड्यावर येऊन फुटते. या दिवसांत पुळणीवरची वाळूही आत ओढली जाते आणि पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो. पाऊस सरल्यावर शांत, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात.

सरळ उभी भिंत या व्यवहारात अडथळा आणते. तिच्यावर आदळलेली लाट जवळजवळ सगळा जोर घेऊन परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाखालची वाळू उकरते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापुढे काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड रचले आहेत ते यासाठीच. 1950 साली फ्रान्समध्ये तयार झालेल्या या आकाराचे ठोकळे एकमेकांत अडकून बसतात, पण त्यांच्यात भरपूर पोकळ्या राहतात. पाणी त्या फटींतून वाट काढताना विस्कटते, फेसाळते आणि कठड्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा बराचसा जोर ओसरलेला असतो.